शंभर जोडांमागे

धाकटी जाऊ पडद्यापाशी जाऊन उभी राहिली, तशी थोरली मागच्या रांगेत खांबाच्या आड सरकली. बुटांच्या त्या कंपनीत दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर आता वर्ग भरायचा. प्रत्येक विभागाला कामाचे आकडे पडद्यावर दाखवणारा डॅशबोर्ड मिळाला होता, पण तो वाचायचा कसा हे फारसं कुणाला कळत नव्हतं. हिरवं दिसलं की बरं, लाल दिसलं की साहेबांची बोलणी, एवढंच ठाऊक. शिकवायला साहेबांनी धाकटीला निवडलं होतं.

तेव्हापासून थोरलीचा जीव जळत होता. धाकटीला इथे चिकटवलं कुणी? तिनंच. परत आलेल्या मालाचा विभाग वर्षानुवर्षं सांभाळून जी पत कमावली, तिच्या जोरावर. आणि आता घरीसुद्धा तेच. विजेचं बिल का वाढलं, हे सासूबाई धाकटीला विचारायच्या. नवरा तर जेवताना सहज म्हणाला, की तूही शिकून घे की तिच्याकडून, मास्तरीण घरातच आहे. शिडी आपण लावली आणि वर जाऊन बसली ही!

वर्गात ती कधी काही विचारायची नाही.

मग तिला आयतंच सापडलं. धाकटीच्या तक्रार विभागाची रेघ पडद्यावर तीन महिने सारखी चढत होती. दुसऱ्याच कामाला साहेबांकडे गेली असताना थोरली जाता जाता म्हणाली, "लोकांना शिकवणाऱ्यांच्या स्वतःच्या तक्रारी दुप्पट झाल्यात, साहेब. बघितलंत का?"

साहेबांनी बघितलं. पण धाकटीला ते काही बोलले नाहीत. तिच्या हाताखाली फोन घेणारी एक हंगामी मुलगी होती. तीच गिऱ्हाइकांशी नीट बोलत नसणार, असं ठरवून त्यांनी तिला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

थोरलीला हे नको होतं. तिला फक्त धाकटीचं नाक खाली झालेलं बघायचं होतं. ती मुलगी मात्र डबा पिशवीत घालून, सगळ्यांना 'येते हं' म्हणत निघून गेली.

पुढच्या बुधवारी धाकटीनं तीच रेघ पडद्यावर लावली. नाव कुणाचंच घेतलं नाही. तक्रारी दुप्पट झाल्या हे खरं, ती म्हणाली, पण तेवढ्याच काळात विक्री तिप्पट झाली. पूर्वी शंभर जोडांमागे सहा तक्रारी यायच्या, आता चार येतात. म्हणजे काम सुधारलंय.

दारात उभ्या असलेल्या साहेबांनी लगेच त्या मुलीला फोन लावला. तिनं दुसरीकडे काम धरलं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता धाकटीनं मान वर न करता विचारलं, "वहिनी, साहेबांना तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"आधी मला विचारायचं होतंत."

थोरलीनं पिठाची परात पुढे ओढली. विचारायचं, तेही हिला? तेच तर जमत नव्हतं.

पुढच्या वर्गाला ती खांबाच्या अलीकडे बसली. धाकटीचा तो ठाम आवाज अजूनही टोचत होता. सगळे माना डोलवत होते. थोरलीनं हात वर केला.

"मला ते शंभरामागचं अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "परत एकदा सांगा."

घरात जिला 'अगं' म्हणायची, तिला ती चारचौघांत 'सांगा' म्हणाली होती. धाकटीनं तिच्याकडे बघितलं. मग पडद्यावरचं सगळं पुसून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.