घराण्याची चाल

आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी घरच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत थोरलीला तिची पावलं ऐकू यायची. एक पाऊल, मग जरा घासत दुसरं. ओल्या चादरींची टोपली उचलून निघालं की आवाज पाठोपाठ यायचाच. थांबलं की थांबायचा. थोरली काही भित्री बाई नव्हे. मेलेल्या माणसांना दुसरी कामं नसतात का, असं ती करवादून स्वतःशीच म्हणायची. पण एका दुपारी चपला ओल्या झाल्या म्हणून ती अनवाणी निघाली आणि तोच ठेका तिच्या तळव्यांखाली लागला. अंगावर सर्रकन काटा आला. मागे कुणी नव्हतंच, ती तिचीच पावलं होती.

त्याच आठवड्यात आंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं आणि मग दवाखाना टळेना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की अंग खाली आलंय, गर्भाशय जागा सोडून सरकलंय. मग विचारलं, हा त्रास आईला होता का? आजीला, मावशीला?

छे हो, थोरली म्हणाली. आमच्याकडच्या बायका ठणठणीत, मरेपर्यंत दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. फक्त सावकाश चालायच्या. ती आमच्या घराण्याची चाल, आख्खी गल्ली म्हणायची राणीसारख्या चालतात. आम्हा पोरींना तर ती बघून बघूनच आली.

"कशी चालायच्या?" बाईंनी विचारलं.

थोरली उठली आणि मोठ्या झोकात चालून दाखवलं. मांड्या जवळ, पावलं आखूड, एक हात ओटीपोटावर अलगद. खिडकीपर्यंत गेली, वळली. डॉक्टरीणबाई तिच्या ओटीपोटावरच्या हाताकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघताच थोरलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि ती मटकन खुर्चीत बसली. कपाळ माझं! पिढ्यान्‌पिढ्या जिचा तोरा मिरवला, ती चाल नव्हतीच. त्या बिचाऱ्या बायका निसटणारं अंग सावरून धरत होत्या.

बाईंनी समजावून सांगितलं. आतले अवयव धरून ठेवणाऱ्या तंतूंची वीण काही घरांत जन्मतःच सैल असते, आणि ती आईकडून लेकीकडे येऊ शकते. येईलच असं नाही. कुठली एक तपासणी करून छातीठोक सांगताही येत नाही. बाळंतपणं, जड उचलणं, जुनाट खोकला, कुंथणं यांची त्यात भर पडते. व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे, अगदीच वेळ आली तर ऑपरेशन आहे. मुलगी असेल तर तिला आधीच सांगा, म्हणाल्या.

मुलगी होती. सातवा महिना लागलेला, पहिलटकरीण, शेजारच्याच गल्लीत दिलेली, रोज येऊन-जाऊन असणारी, आणि सध्या आईकडेच राहायला आलेली.

घरी आल्यावर थोरलीला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत आई दिसायला लागली. नेहमीसारखी काठावर टेकलेली. ही बाई कधी खळखळून हसली नाही, खोकला आला की पायावर पाय घट्ट दाबायची, आणि आम्ही मेल्या तिला शिष्ट म्हणायचो. थोरलीला भडभडून आलं आणि रागही आला. एका शब्दाने बोलली असतीस तर मी त्या टोपल्या कशाला उचलत बसले असते, असं ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. खुर्ची आईसारखीच गप्प राहिली.

धाकट्या बहिणीने फोनवर सल्ला दिला की पोटुशीला उगाच घाबरवू नकोस, मूग गिळून बस. थोरली बसलीही. लेकीसमोर तोंड उघडायची आणि जेवलीस का, विचारून मोकळी व्हायची. भीती लेक घाबरेल याची नव्हती. हे माझ्याकडून तुला आलं असेल, असं पोटच्या पोरीला सांगायचं कोणत्या तोंडाने?

शेवटी एका सकाळी लेक खिडकीशी बसून बाळाचे कपडे घडी घालत होती, तेव्हा थोरलीने दारातूनच एका दमात सांगून टाकलं. माझं अंग खाली आलंय, तुझ्या आजीचंही तसंच होतं, तू डॉक्टरांना दाखवून घे.

लेकीचे हात थांबले. "आजीने मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या आजारपणात. मी तेव्हाच दाखवून घेतलं. व्यायाम करते."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, तुझ्या आईला कळलं तर तिला वाटेल मीच तिला हे दिलं. तिच्या डोळ्यांत मला ते बघायचं नाहीये."

थोरलीने दाराची चौकट धरली. आईवरचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी जे आलं ते त्याहून जड होतं.

"म्हणजे दोन वर्षं तू मला चालताना बघत होतीस?"

"रोज," लेक म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

थोरलीला तिला पोटाशी धरायचं होतं. पण त्यासाठी खोली चालून ओलांडावी लागणार होती, आणि लेक तिच्याकडेच बघत होती.