एकशे बारा कॅसेट

शनिवारची दुपार होती. दोह्याच्या अल मुंतझा भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पूर्णिमाबाई आणि त्यांचा मुलगा अमेय लॅपटॉपसमोर बसले होते. मुंबईची ‘नादवेल’ वाहिनी दिवाळखोरीत निघाली होती आणि तिचं एकेक सामान लिलावात जात होतं. माइक गेले, यंत्रं गेली, नावसुद्धा गेलं. आता पडद्यावर आलं, ‘बालकार्यक्रम. जुन्या कॅसेट, नग एकशे बारा.’

“आई, ह्याच ना?”

“ह्याच,” पूर्णिमाबाई म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसला.

बावीस वर्षांपूर्वी ‘नादवेल’ हे साधं रेडिओ केंद्र होतं. तेव्हा दर शुक्रवारी याच खोलीत दहा-बारा मराठी मुलं जमत. पूर्णिमाबाई गोष्ट सांगत आणि त्यांचे यजमान गुरुप्रसाद ती रेकॉर्ड करत. एसीची घरघर कॅसेटवर यायची, म्हणून गुरुप्रसाद आधी इथल्या अरबी ढंगात दरडावून सांगत, “यल्ला, एसी खलास! फ्रीज खलास!” मग जुलैच्या उकाड्यात मुलं घामाने निथळत गोष्ट ऐकत. शेवटी प्रत्येकाने माइकपाशी येऊन नाव, गाव आणि आज काय खाल्लं ते सांगायचं, हा गुरुप्रसादांचा नियम. तोवर बंद फ्रीजमधलं आइस्क्रीम वितळलेलं असे. ते मुलांनी वाटीला तोंड लावून प्यायचं, हाही नियमच होऊन गेला होता.

मुंबईला निघालेल्या कुणाच्याही बॅगेतून ती कॅसेट केंद्रावर जाई. घरी प्रत ठेवायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. केंद्र ठेवीलच की जपून! गुरुप्रसाद गेले, त्याला नऊ वर्षं झाली. त्यांचे फोटो घरभर होते. आवाज मात्र होता तो त्या एकशे बारा कॅसेटमध्ये.

अमेयने बोली लावली. लगेच कुणीतरी वर बोली लावली. त्याने पुन्हा वाढवली. पलीकडूनही वाढली.

“कोण आहे हा? जुन्या कॅसेटचं कुणाला काय पडलंय?” अमेय वैतागला.

“वाढव. माझ्या पाटल्या आहेत अजून.”

“पाटल्या राहू देत, मी आहे ना. बाबांचा आवाज मी सोडणार नाहीये.”

पुन्हा बोली, पुन्हा वर बोली. बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नव्हतं, नुसतं गाव दिसत होतं. अमेयच्या नावापुढे ‘दोहा’. पूर्णिमाबाईंनी डोळे बारीक करून वरची ओळ वाचली आणि अमेयच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब.”

“आई, पाचच मिनिटं राहिलीत!”

“वसई लिहिलंय, अमेय.”

अमेयचा हात थांबला. त्या कॅसेटवर वसईचं एकच मूल होतं. डेरिल. इथल्या इस्पितळात नर्स असलेल्या बर्थाचा मुलगा, अमेयचा जिवलग मित्र. पुढे बर्था त्याला घेऊन वसईला परतली. चार वर्षांपूर्वी लाँच बुडाली त्यात डेरिल गेला, आणखी चौदा जण गेले. ‘नादवेल’ तोवर नव्या मालकाची, आरडाओरड करणारी बातम्यांची वाहिनी झाली होती. डेरिलच्या मस्तीमुळेच लाँच उलटली, असं तिने पंधरा दिवस लावून धरलं. बर्थाच्या खिडकीच्या काचा लोकांनी फोडल्या. पुढे कोर्टात ते सगळं खोटं ठरलं, भरपाईचा हुकूम झाला, आणि ती द्यायला वाहिनीकडे सामानाखेरीज काही उरलं नव्हतं. हा लिलाव त्या पंधरा घरांसाठीच होता.

पूर्णिमाबाईंनी तेव्हा बर्थाला फोन केला नव्हता. ज्या वाहिनीने त्या माउलीला असं छळलं, तिच्यावर कधीकाळी आपण गोष्टी सांगत होतो. कुठल्या तोंडाने बोलायचं? आज करू, उद्या करू म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

“आई, सांग. लावू की नको?”

पूर्णिमाबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग लॅपटॉप हलकेच मिटला. “नको. तिचं लेकरू आहे त्यात.”

थोड्या वेळाने अमेयनेच कुणाकुणाला विचारून नंबर मिळवला आणि फोन आईच्या हातात दिला.

“बर्था? मी पूर्णिमा. दोह्याहून.”

“टीचर? तुम्ही? म्हणजे तो मेला दोहावाला तुम्ही होतात? मघापासून शिव्या घालतेय मी त्याला!”

“घाल अजून. चार वर्षांच्या साठल्यात.”

बर्था हसली आणि हसता हसता रडू लागली. “माझा भरपाईचा हिस्सा त्यातच वळता करा म्हटलं मी लिलाववाल्यांना. तुम्ही किंमत चढवलीत त्याचं मला वाईट नाय वाटत, टीचर. बाकीच्या घरांना तेवढंच जास्त मिळेल. पण तुम्ही फोन नाय केलात, त्याचं वाटलं.”

“चुकलं माझं, बर्था.”

“सरांचा आवाज पण आहे ना त्यात? कॅसेट आल्या की फोनवर लावते. दोघी ऐकू.”

जुलैत एका शुक्रवारी बर्थाचा फोन आला. “टीचर, लावू?”

“थांब जरा.” पूर्णिमाबाई उठणार, तोच अमेयने एसी बंद केला. मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजचा प्लग काढला. कुणी सांगितलं नव्हतं.

फोनमधून खरखर आली, आणि मग तो दरडावणीचा आवाज. “हं, नाव, गाव, आज काय खाल्लं?”

“डेरिल. गाव वसई. आज मम्मीने तळलेला बोंबील दिला. पण सर, मी आइस्क्रीम वितळायची वाट बघतोय.”

गुरुप्रसाद खो खो हसले. वसईत बर्थाने कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली. दोह्यात कपाळावरचा घाम कुणीच पुसला नाही.