झुंबरबाईचा गुरुवार

चोपड्याच्या अलीकडे कापूस वेचणाऱ्या सहा बायकांच्या टोळीत गाण्यांची पाळी ठरलेली होती. फोन मृणालीचा, ती टोळीतली सगळ्यात धाकटी सून, फोन तिच्या कमरेला बांधलेला. पण दिवसभर काय वाजायचं ते रोज एकीने सांगायचं. शेवंताबाईच्या शुक्रवारी भजनं, सुनंदाबाईच्या सोमवारी लग्नातला धिंगाणा. कुरकुर सगळ्या करायच्या, पाळी मात्र कुणी मोडत नसे.

गुरुवार झुंबरबाईचा. श्रावणात तिचा नवरा वना तापाने गेला आणि वेचणी सुरू झाल्यापासून गुरुवारी फोन बंद राहू लागला. तसं कुणी ठरवलं नव्हतं. गाणं लागलं तर बिचारी रडेल, एवढंच बायकांच्या मनात. झुंबरबाई रडत नव्हती. तिला काहीच वाटत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. भाकरीला चव नाही, बोंडाचं टोक बोटात घुसलं तरी हात मागे येत नाही. त्यात गुरुवारी बाकीच्या मुक्यानं वेचायला लागल्या की तिला वाटे, वनाबरोबर मलाही पोचवून आल्यात या.

दिवाळीनंतरच्या गुरुवारी ती म्हणाली, “आज मनी पाळी शे. लाव.”

मृणाली गडबडली. “कोनतं लावू, अक्का?”

इतकी वर्षं झुंबरबाईने बासरीचं ते एकच गाणं सांगितलं होतं. वना शेजारच्या केळीच्या बागेला पाणी द्यायचा, त्याला तिथे ऐकू जायचं आणि आवडायचं म्हणून. तुला काय आवडतं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही नाही.

मृणालीने बासरीचं लावलं नाही, पोरीला तेवढी अक्कल होती. “एक एक लावसू. आवडनं ते सांगजो.”

एक लागलं, दुसरं लागलं. झुंबरबाई मान हलवत पुढे सरकायची. दुपारपर्यंत तीसेक गाणी अर्धी अर्धी वाजून गेली आणि एरवी नाकावर माशी बसू न देणारी सुनंदाबाईसुद्धा गप्प राहिली. संध्याकाळी कापूस काट्यावर गेला तरी झुंबरबाईचं ‘हं’ काही आलं नाही. आत काही हललंच नव्हतं.

शेवंताबाईला राहवेना. “माय, मना शुक्रवार तू ली ले. उद्याबी ऐक.”

झुंबरबाईने रिकामी ओटी झटकली.

“नको. तुना शुक्रवार तुले. मना गुरुवार शे, आठ दिवसमा परत येस.”