विशेष गुण : रिझ

वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मात 'विशेष गुण' या रकान्यात लोक 'मनमिळाऊ' लिहून मोकळे होतात. पद्मामावशी बावीस वर्षं हे फॉर्म तपासत होत्या आणि त्यांच्या हिशेबात बडोद्यात एकही मराठी माणूस तुसडा निघाला नव्हता. त्यांच्या सख्ख्या भाच्याने, केयूरने, मात्र लिहिलं होतं : 'रिझ'.

"हे काय रे? औषधाचं नाव?"

"नाही गं मावशी. काही न करता समोरच्यावर छाप पडते ना, ते."

"काही न करता? मग तुझ्यात असणारच."

केयूर हसला नाही. मेळाव्याला आलेल्या, बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या आभाबद्दल त्याने सकाळपासून तीनदा विचारलं होतं. मेळाव्याचा नियम साधा : मंचावर दोन मिनिटं बोलायचं, मग ज्यांना भेटावंसं वाटेल त्यांचे नंबर चिठ्ठीवर लिहून मावशींकडे द्यायचे. आभाच्या चिठ्ठीत केयूरचा तेवीस नंबर आला तर भेट, नाहीतर बसा पुढच्या वर्षीपर्यंत.

तेवीस नंबर मंचावर गेला. एक हात खिशात, हसू जरा तिरकं. आरशासमोर बरंच घोटलेलं दिसत होतं.

"हाय! मी केयूर."

"मूळ गाव?" पहिल्या रांगेतून मंडळाचे अध्यक्ष फत्तेसिंहराव यांनी सवयीने विचारलं.

"निजामपुरा."

"अहो, त्याआधीचं!"

"मांडवी."

दोन्ही बडोद्यातलेच भाग; सभागृह खदखदून हसलं. चार पिढ्या बडोद्यात काढलेल्या घरांतही मूळ गाव पाढ्यासारखं पाठ असतं. इथे पाटी कोरी. केयूरचा हात खिशातून बाहेर आला.

"खरं सांगू का? पणजोबा कुठून आले ते कुणी सांगितलंच नाही, अने में पूछ्युं पण नहीं," आपणही कधी विचारलं नाही, हे सांगताना तो घाबरून गुजरातीत घसरला आणि खाली उतरला.

मावशींनी मनातल्या मनात रिझ वजा केलं. बाकी उरला एक गोंधळलेला, बरा मुलगा.

तासाभराने आभा चिठ्ठी घेऊन आली. एकच नंबर : तेवीस.

"अगं, त्याच्यात पाहिलंस तरी काय?"

"मावशी, आमचंही मूळ गाव घरात कुणाला ठाऊक नाही. पप्पांनी फॉर्मात वाई ठोकून दिलंय. कुणी वाईचं काही विचारेल या भीतीने मंचावर माझी बोबडी वळली होती. हा तर सरळ सांगून मोकळा झाला."

मावशींनी तिचा फॉर्म काढला, वाईवर नजर टाकली आणि तो गठ्ठ्यात अगदी तळाशी सरकवला.

"ए तेवीस!" त्यांनी हाक मारली.

केयूर इतक्या घाईने उठला, की दोन खुर्च्या आडव्या झाल्या.