हत्तीच्या पोटातलं भोक

मित्रांनो, जुना टॉवेल आपली कहाणी सांगायला लागला की लोक नाक मुरडतात, हे मला ठाऊक आहे. टॉवेलाची कसली आलीय कहाणी! अंग पुसलं, वाळत टाकलं, संपलं. तरीही ऐका. नैरोबीहून दिवसभराच्या वाटेवर असलेल्या डियानीच्या किनाऱ्यावरच्या एका भल्यामोठ्या हॉटेलात मी अंघोळीचा टॉवेल होतो. आता मी फार थकलो आहे. इतका, की नटूनथटून खोटं सांगण्याचाही कंटाळा येतो. तेव्हा जे घडलं तेच सांगतो.

माझा कापूस किसुमूकडचा, मोठ्या सरोवराकाठच्या शेतातला. थिकाच्या गिरणीत मला विणलं, आणि एका ट्रकभर भावंडांबरोबर मी लिकोनीची खाडी फेरीबोटीने ओलांडून इथे आलो. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, जाडजूड होतो, आणि अंगात थोडा माजही होता. मला समुद्राकडच्या खोल्या मिळाल्या. एका पाहुणीने मला गालाला लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हा घरी न्यावासा वाटतोय बघ." तिने काही नेलं नाही. शेजारच्या खोलीतल्या सभ्य गृहस्थाने मात्र माझी दोन भावंडं बॅगेत घातली.

मग सुरू झाला तो रामरगाडा. सकाळी ओला, दुपारी धुलाईच्या यंत्रात, संध्याकाळी इस्त्रीखाली, रात्री पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावर. माझ्यावर लोकांनी वाळूचे पाय पुसले, ओठांचा रंग पुसला, बूट पुसले. एकदा वारा सुटला म्हणून एका पाहुण्याने मला सज्जाच्या दाराच्या फटीत कोंबलं, आणि निघताना दार न उघडताच ओढून काढलं. टर्रकन आवाज झाला. माझ्या बरोब्बर मधोमध मूठ जाईल एवढं भोक पडलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला घडी घालून ठेवून दिलं.

आता मला फेकून देतील असं वाटलं होतं. पण त्या वर्षी वरून हुकूम आला होता की नवे टॉवेल घ्यायचे नाहीत, आहेत त्यातच भागवा. कपड्यांचं कोठार सांभाळणारा काझुंगू वाटणी करताना चांगले टॉवेल समुद्राकडच्या, परदेशी पाहुण्यांच्या खोल्यांना द्यायचा आणि फाटके मागच्या अंगाला, जिथे आपल्याच देशातली माणसं उतरायची. तो म्हणायचा, "घरचीच माणसं आहेत ती, समजून घेतात." असा मी मागच्या अंगाला आलो, आणि मेजुमाच्या हाती पडलो.

मेजुमा त्या खोल्या आवरायची. इथलीच, दोन गावं पलीकडची. गणवेशावर कमरेला लेसो, म्हणजे रंगीत छापाचं फडकं, गुंडाळलेला, आणि तोंडाची टकळी सतत चालू. रोज सकाळी कोठारात आली की ती आम्हा टॉवेलांच्या ढिगाला हटकायची, "काय रे म्हाताऱ्यांनो, काय खबर?" आणि आमच्या वतीने स्वतःच उत्तर द्यायची, "छान, छान!"

आमच्या किनाऱ्यावरची ही रीतच आहे. कोणी "काय खबर?" विचारलं की आधी "छान" म्हणायचं. घराचं छप्पर जळत असलं तरी छान. मग एक श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "पण..." खरी खबर त्या 'पण'नंतर येते. छान, पण बकरी मेली. छान, पण थोरला तापाने फणफणलाय. विचारणाराही तोवर थांबतो. घाईघाईने विचारून पुढे जाणारा माणूस इथे अडाणी समजला जातो.

मेजुमाने माझं भोक पाहिलं, चुकचुकली, आणि मला पलंगावर पसरून माझा हत्ती केला. दोन्ही कडा गुंडाळून पाय, एक टोक ओढून सोंड, कपाळावर जास्वंदीचं फूल. भोक बरोबर पोटात, घडीच्या आत. हात लावून उलगडल्याशिवाय कोणाला दिसायचं नाही. विरलेल्यांचे ती हंस करायची आणि डागाळलेल्यांची माकडं. पाहुणे आत आले की "अय्या, हत्ती!" म्हणून फोटो काढायचे. माझं खूप कौतुक झालं त्या काळात. खरं सांगू? मला त्या कौतुकाची लाज वाटायची. माझं पोट मला माहीत होतं.

मग एका मोसमाच्या शेवटी आकेच नावाच्या एक बाई आल्या; वयस्क बाईला इथे सगळे आईच म्हणतात, म्हणून आकेच आई. किसुमूच्या एका इस्पितळात बाळंतपणाच्या विभागात मोठ्या परिचारिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. गुडघे दुखायचे. मुलाने हौसेने चार रात्रींचा मुक्काम भेट दिला होता. खोलीत आल्या, माझ्याकडे पाहिलं, हसल्या. "ये बाबा गजराज," म्हणाल्या आणि मला उचललं. मी उलगडलो. भोकातून त्यांना स्वतःचा हात दिसला.

त्यांनी फोन उचलला. "टॉवेल फाटका आहे, दुसरा पाठवा."

"हो आई, आलाच!" पलीकडून गोड आवाज आला.

आला नाही. गरम पाण्याचं विचारलं, तेही "आलंच" होतं. दुसऱ्या दिवशी जेवणघरात मक्याच्या पिठाची घट्ट उगाली मागितली, तीही आलीच होती. आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, म्हणून सगळंच येत असतं. आकेच आई मच्छरदाणीत पाय लांब करून बसल्या आणि फोनवर बहिणीशी बोलल्या.

"काय सांगू तुला! हॉटेल म्हणजे अख्खं गाव आहे. खोलीपासून नाश्त्यापर्यंत चालत गेले की परत भूक लागते. सरबत म्हणून दिलं ते पाणीच, रंगवलेलं. तलावाकाठच्या खुर्च्यांवर लोक पहाटेच टॉवेल टाकून ठेवतात आणि स्वतः जाऊन झोपतात. वाढपी आधी गोऱ्यांकडे जातो, मग माकडांना हाकलतो, मग माझ्याकडे येतो... हो गं, समुद्र फार सुंदर आहे. तो यांनी बांधलेला नाही ना!"

मला हसू आलं. इतक्या वर्षांत माझ्यासमोर एवढं खरं कोणी बोललं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मेजुमा खोली आवरायला आली तेव्हा आई मला मांडीवर पसरून बसल्या होत्या. भोक वर.

"हे तूच पोटात घातलंस ना?"

मेजुमाचा चेहरा पडला. "आई, रागावू नका. चांगले टॉवेल आमच्या वाट्याला येतच नाहीत."

"रागावले नाही गं. काम सुबक आहे तुझं. पण मी खाली जाऊन सांगणार आहे."

"नका, आई!" मेजुमाने हातातली झाडणी टाकली आणि त्यांच्या पायाशी बसली. "पाऊस सुरू झाला की हॉटेल रिकामं पडतं. निम्म्या माणसांना घरी पाठवतात. ज्याच्या खोलीची तक्रार, त्याचा नंबर पहिला. माझा नवरा होडीवर होता, आता पाठीच्या दुखण्याने घरी बसलाय. माझं काम गेलं की चूल गेली. तुम्ही नुसतं छान म्हणा आणि सुखरूप जा."

"छानच म्हणू?"

"सगळे म्हणतात."

आकेच आईंनी माझ्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पोरी, मी जन्मभर बाळंतपणं केली. आमच्याकडे बाया ओरडायच्या, आणि काही मुकाट पडून छान आहे म्हणायच्या. मला भीती त्या छानवाल्यांचीच वाटायची."

मेजुमाने झाडणी उचलली. त्या दिवशी तिने माझा हत्ती केला, पण सोंड वाकडी आली आणि जास्वंद ठेवायची ती विसरली.

निघायच्या सकाळी आईंनी माझी घडी घातली आणि मला काखेत मारलं. मी आजवर कधी पुढच्या मोठ्या दालनात गेलो नव्हतो. उंचच उंच झावळ्यांचं छप्पर, खाली सामानाचे ढीग, बाहेर बस उभी. दाराशी व्यवस्थापक मुल्वा साहेब उभे होते. नैरोबीहून आलेले, कडक इस्त्रीचे, सतत घाईत. निघणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन ते विचारायचे, "काय खबर? कसा झाला मुक्काम?" समोरचा म्हणायचा, "छान." की झालं, साहेब पुढच्या माणसाकडे. आमची रीत ते अर्धीच शिकले होते. किती वर्षं ते 'छान' गोळा करत होते आणि 'पण' तिथेच दाराशी गळून पडत होते, कोण जाणे.

रखवालदाराने आधी मलाच पाहिलं. "आई, तो टॉवेल हॉटेलचा आहे हो."

"ठाऊक आहे. याला चोरणारा मूर्खच म्हणायला हवा," आई म्हणाल्या. मागे उभे असलेले लोक हसले.

साहेबांनी हात पुढे केला. "काय खबर, आई? कसा झाला मुक्काम?"

"छान," आई म्हणाल्या.

साहेब पुढे सरकायला लागले. पण हात सुटेना. आईंनी तो धरूनच ठेवला होता, आणि कितीतरी बाळं ओढून काढलेला हात होता तो.

"थांबा साहेब. 'पण' यायचाय अजून." आणि दुसऱ्या हाताने त्यांनी मला सगळ्यांसमोर झटकून उघडलं.

भोकातून बाहेरचा उजेड आत आला. मित्रांनो, माझी अशी अब्रू कधी गेली नव्हती. खांबाआड मेजुमा तिची टॉवेलांची ढकलगाडी धरून उभी होती. तिचे डोळे मिटलेले मला दिसले.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा कोणी ठेवला तुमच्या खोलीत? नाव सांगा. आत्ता बघतो."

"नाव नाही सांगणार."

"मग खोली सांगा. किल्लीवरून कळेलच मला." त्यांनी किल्ल्यांच्या खिडकीत बसणाऱ्या मुलीला हात केला. ती किल्ल्या चाळू लागली. मेजुमाच्या गाडीची चाकं करकरली.

आणि तेवढ्यात एक म्हातारा खाकरला. मघाशी 'छान' म्हणून बसकडे निघालेला, तो परत फिरला होता. "साहेब, माझंही छानच झालं. पण गरम पाणी काही मिळालं नाही."

"आमचंही छान," लेकराला कडेवर घेतलेली एक बाई म्हणाली. "पण टॉवेलाला भोक आमच्याही होतं. आमचं तर हंसात होतं."

"छान, पण उगाली अजून येतेय," कोणी तरी मागून म्हणालं. दालन हसण्याने भरून गेलं. मग कोणी थांबेना. एकेकाचा राहिलेला 'पण' बाहेर पडू लागला. बसचा चालक भोंगा वाजवून दमला. समुद्राकडचे दोन गोरे पाहुणेही काय चाललंय ते विचारून घेऊन आपापले 'पण' घेऊन पुढे आले. किल्ल्या चाळणारी मुलगी हात थांबवून उभी राहिली. एका खोलीची तक्रार असेल तर एकाला घरी पाठवता येतं. सगळ्याच खोल्यांची असेल तर कोणाला पाठवणार?

मुल्वा साहेब एका पेटीवर बसले. कोठारातून काझुंगू गडबड ऐकून आला होता. साहेबांनी थकल्या आवाजात त्याला विचारलं, "आणि तुझी काय खबर?"

"छान साहेब," काझुंगू म्हणाला, आणि टोपी काढली. "पण कोठारात द्यायला काही नाही. मी घरच्या माणसांना फाटकं देतो. मलाच बरं वाटत नाही."

मग साहेबांची नजर खांबाकडे गेली. मेजुमाला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी विचारलं तेवढंच, "तुझी?" आणि या वेळी ते थांबले.

"छान," मेजुमा पुटपुटली. तिने श्वास घेतला. "पण साहेब, आता हत्तीच्या पोटात मावत नाही हो."

आकेच आईंनी साहेबांचा हात सोडला. जाताना मेजुमाच्या गालाला हात लावला आणि बसमध्ये चढल्या. मी त्यांच्या गावाकडच्या कापसाचा होतो. त्यांना ते माहीत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

पाऊस आला. हॉटेल रिकामं झालं. काही माणसं घरी गेलीच, सगळं एका सकाळीत थोडंच सुधारतं? पण मेजुमा राहिली. आणि पाऊस सरता सरता लिकोनीची खाडी फेरीबोटीने ओलांडून एक ट्रक आला. पांढरेशुभ्र, जाडजूड, अंगात माज असलेले नवे टॉवेल. समुद्राकडच्यांना आणि मागच्यांना सारखेच.

मग आमचं काय झालं, हे तुम्ही ओळखलं असेल. काझुंगूने मोठी कात्री मेजुमाच्या हाती दिली. तिने माझे चार तुकडे केले, भोक कापून टाकलं, आणि आम्ही फरशी पुसायची फडकी झालो. मी तक्रार करत नाही. ज्या खरेपणाने तिची चूल राखली, त्यानेच मला कापलं. मला वाईट वाटलं, ते मात्र वाटलंच.

आता मी मागच्या ओवरीत बादलीत पडून असतो. ओला, आंबूस वासाचा, पिळायचीही कोणाला आठवण राहत नाही. मित्रांनो, म्हणून सांगतो. वस्तू वापरा, झिजेपर्यंत वापरा, आम्ही त्यासाठीच आहोत. पण काम झालं की पिळून उन्हात टाका. आणि कोणाला "काय खबर?" विचाराल, तर 'छान' ऐकून पळू नका. श्वासभर थांबा.

काल सकाळी मेजुमा नव्या टॉवेलांची गाडी ढकलत ओवरीतून चालली होती. त्यांना तिने विचारलं, "काय रे पोरांनो, काय खबर?" त्यांच्या वतीने "छान" म्हणाली आणि पुढे गेली. मग पावलं थांबली. ती मागे वळली, बादलीत डोकावली.

"आणि तुझी, म्हाताऱ्या?"

छान, मी म्हणालो. तिला ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. पण ती गेली नाही. तशीच उभी राहिली, पुढचं ऐकायला उभं राहतात तशी. मग वाकून तिने मला उचललं, घट्ट पिळलं आणि कठड्यावर उन्हात नेलं. वाळत टाकण्याआधी तिने मला दोनदा दुमडलं, एक कोपरा ओढून इवलीशी सोंड काढली. या वेळी माझ्या पोटात लपवायला काहीच नव्हतं.