स्वच्छ दिवसाचं भाडं

निक्लाउसने शंभर फ्रँकच्या दोन नोटा तिकीट खिडकीच्या फटीतून आत सरकवल्या आणि म्हणाला,

"दोन दे. शिखरापर्यंत. जाऊन-येऊन."

काचेपलीकडच्या एर्विनने आधी नोटांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. जुलैतला शनिवार, रांगेत मागे तीसेक माणसं, आणि खिडकीशी निक्लाउस रायटर. एर्विनने चष्मा कपाळावर ढकलला.

"तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

"तिकिटं काढ."

"नाही, म्हटलं सातची गाडी चुकली असेल. सातच्या गाडीला भाडं तिसऱ्या हिश्शाने कमी पडतं. मी इथं नोकरीला लागलो तेव्हा हे तूच मला शिकवलं होतंस."

"चुकली नाही. झोपलो होतो."

हे खोटं होतं. निक्लाउस पाच वाजल्यापासून जागा होता. स्वयंपाकघरात बसून तो मोबाइलवर शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत होता. आधी नुसतं करडं दिसत होतं, मग कडा दिसायला लागल्या. नऊ वाजता आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ झालं, तेव्हा त्याने एल्सबेथला बूट घालायला सांगितलं.

"अजून दहा दिवस कळ काढ," एर्विन म्हणाला. "एक तारखेपासून खोऱ्यातल्या लोकांना सवलत आहे. फुकटचे पैसे घालवू नकोस. पत्त्यांच्या टेबलावर सगळ्यांना सांगेन मी."

"थांबायचं नाही."

निक्लाउसने दोघांची अर्ध्या भाड्याची कार्डं काचेला टेकवली. ती तर देशात प्रत्येकाच्याच खिशात असतात, त्यात त्याचं काही कौतुक नव्हतं. उरलेले पैसे परत आले ते त्याने न मोजता कोटाच्या खिशात टाकले. दोन पावलांवर उभी असलेली एल्सबेथ ते बघत होती.

निक्लाउस रायटर कंजूष होता, असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं ठरलं असतं. चर्चच्या छपरासाठी त्याने भरपूर दिले होते, मुलीचं शिक्षण कर्ज न काढता केलं होतं. पण तिकिटाचं पूर्ण भाडं देणं म्हणजे कुणीतरी आपल्याला मूर्ख बनवणं, असं त्याचं ठाम मत होतं. एकतीस वर्षं त्याने पोस्टाची पिवळी बस चालवली होती, त्यामुळे वेळापत्रकं आणि दरपत्रकं त्याला तोंडपाठ होती. पहिल्या गाडीची सूट, हंगाम संपतानाची सूट, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे गावकचेरीत मिळणारा दिवसाचा पास. तो पास कित्येक आठवडे आधी घेतला तरच स्वस्त पडायचा आणि परत करता यायचा नाही.

घोळ तिथेच होता. पास घेताना सहा आठवड्यांनंतरच्या दिवशी आभाळ कसं असेल हे कोण सांगणार? लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, त्यात दोघं पाच वेळा शिखरावर गेली होती आणि पाचही वेळा वर धुकं होतं. पैसे भरलेत म्हटल्यावर घरी बसणं निक्लाउसच्या रक्तात नव्हतं. कठड्याला टेकून दोघांनी पाच वेळा पांढऱ्या भिंतीकडे बघत पाव आणि चीज खाल्लं होतं. समोर कोणतं शिखर असायला हवं ते एल्सबेथ कठड्यावरच्या पितळी नकाशावर बोट ठेवून वाचायची. "असं समज, दिसतंय," असं तो म्हणायचा, आणि ती हसायची. त्या हसण्यात कधी कडवटपणा नव्हता, हेच आता त्याला सगळ्यांत जास्त टोचत होतं.

गुरुवारी बर्नच्या दवाखान्याचं पत्र आलं. घरातलं टपाल तोच उघडायचा. एल्सबेथच्या तपासण्यांचा निकाल दीड पानाचा होता. त्यातलं त्याला निम्मं कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं. सोमवारी दोघांनी मिळून यावं, डॉक्टर सगळं नीट समजावतील, असं शेवटी लिहिलं होतं. सोबत एक अर्ज होता. यापुढे एकट्याने प्रवास करणं ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी. डॉक्टरांची सही झाली की एक कार्ड मिळतं आणि मग दोघांपैकी एकाचं भाडं माफ.

अशी सवलत असते हे निक्लाउसला माहीतच नव्हतं. अर्ज हातात धरून तो बराच वेळ जिन्यावर बसून राहिला. मग त्याने पत्र आणि अर्ज दोन्ही आपल्या तिकिटांच्या फाइलीत, दरपत्रकांच्या मागे ठेवून दिलं. त्या फाइलीला एल्सबेथ कधी हात लावायची नाही. सोमवारपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही असं त्याने ठरवलं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, समोर काय आहे ते तिला कळत असतानाच ते तिला दिसायला हवं होतं.

दहा सतराची गाडी दातेरी रुळावरून कुरकुरत चढायला लागली. डब्यात परदेशी पाहुणे मोबाइल उंच धरून उभे होते. एल्सबेथ खिडकीशी बसली होती.

"पिशवी कुठे आहे?" तिने विचारलं.

"कसली पिशवी?"

"पाव, अंडी. चहाचा थर्मास."

"वर खाऊ की. हॉटेल आहे वर."

एल्सबेथने कोटाचं सगळ्यांत वरचं बटण लावलं, मग खालचं, मग त्याखालचं. डब्यात चांगलंच उकडत होतं.

मे महिन्यात ती बाजारातून येताना चुकीच्या थांब्यावर उतरली होती. निक्लाउसने एकतीस वर्षं जी बस चालवली त्याच मार्गावर, जिथला प्रत्येक थांबा तिला माहीत होता. दोन तास ती एका गोठ्यापाशी बसून होती. शेतकऱ्याने घरी आणून सोडलं तेव्हा ती म्हणाली होती, "मी नुसती जरा टेकले होते." त्यानंतर बर्नच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथे घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बाहेर आल्यावर ती चिडून म्हणायची, "बालवाडीत घातलंय मला." दोघं हसायची आणि येताना सवलतीच्या वेळेची गाडी पकडायची.

शिखरावर धुक्याचा मागमूसही नव्हता. गाडीतून उतरून दोघं कठड्याशी गेली आणि निक्लाउसला खरोखर धाप लागली. एवढं सगळं इथं होतं! एकामागे एक पांढरे सुळके, मधून उतरणारी हिमनदी, तिच्यावरच्या निळ्या भेगासुद्धा दिसत होत्या. एक्केचाळीस वर्षं हे सगळं इथेच होतं, आणि चार पैसे वाचवायला आपण हिला भिंत दाखवत राहिलो.

एल्सबेथने पितळी नकाशाकडे पाहिलंही नाही. तिने बोट वर केलं आणि डावीकडून एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, नऊ. एकाही ठिकाणी ती अडली नाही. निक्लाउसच्या मनात वेडी आशा उभी राहिली. दवाखान्यात कागद बदलले असतील. दुसऱ्या कुणाचं पत्र आपल्याकडे आलं असेल. माणसंच आहेत, होतात चुका.

"पाहिलंस?" तो म्हणाला. "सगळी आली तुला."

"जुनं आहे ते," ती म्हणाली. "जुनं सगळं येतं."

हॉटेलात त्याने खिडकीजवळचं टेबल घेतलं. मॅकरोनी आणि बटाटे, सोबत सफरचंदाचा मुरंबा, आणि अर्धा लिटर पांढरी वाइन मागवली. किमतीचा कागद त्याने उघडलासुद्धा नाही. ताटं आली तेव्हा त्याने वाढणाऱ्या मुलीच्या हातात पाच फ्रँक ठेवले आणि भरभर खायला लागला. तोंडाला चव नव्हती.

एल्सबेथने काटा उचलला आणि परत खाली ठेवला.

"निक्लाउस, पत्र आलं ना?"

"कसलं पत्र?"

"बर्नचं."

"नाही अजून. येईल पुढच्या आठवड्यात. गार होतंय, खा."

"एर्विन तुला दहा दिवस थांब म्हणाला. तू म्हणालास, थांबायचं नाही." ती हळू बोलत होती, शेजारच्या टेबलावर जाऊ नये म्हणून. "लग्नाआधी अंगठी घ्यायलासुद्धा तू मला जानेवारीच्या सेलपर्यंत थांबवलं होतंस. उरलेले पैसे मोजले नाहीस. आता त्या पोरीला पाच फ्रँक दिलेस. मी विसरते रे, पण तुला ओळखते अजून."

निक्लाउसने तोंड पुसलं. बाहेर पाहुण्यांचा एक घोळका फोटोसाठी ओरडत होता. आपण सकाळपासून केलेली एकेक गोष्ट हिला वाचता येत होती, हे त्याच्या आता ध्यानात आलं. सातची गाडी पकडली असती, पिशवीत दोन अंडी टाकली असती, तर ही आज दिवसभर सुखात राहिली असती. तिला आनंद द्यायच्या नादात त्याने सगळं आधीच सांगून टाकलं होतं.

"गुरुवारी आलं," तो म्हणाला.

"तेच आहे?"

त्याने मान डोलावली.

"सोमवारी बोलावलंय. दोघांना. गोळ्या आहेत म्हणे, वेग थोडा कमी होतो."

मग तिने विचारलं,

"कुठे ठेवलंस?"

"तिकिटांच्या फाइलीत."

"आणखी काय होतं त्यात?"

काही दडवण्यात आता अर्थ नव्हता. त्याने अर्जाबद्दल सांगितलं. डॉक्टरांची सही, कार्ड, एकाचं भाडं माफ.

"कुणाचं माफ? तुझं की माझं?"

"कुणाचंही. बरोबर असलो म्हणजे झालं."

"आयुष्यभर शोधत होतास तशी सवलत घरपोच आली," ती म्हणाली, "आणि तू ती फाइलीत दडवलीस?"

ती हसायला लागली. आधी खरंच हसली, खांदे हलेपर्यंत. निक्लाउसलाही हसू फुटलं. मग तिने रुमाल तोंडाशी धरला आणि तिचे खांदे हलतच राहिले. त्याने टेबलावरून हात पुढे केला. तिने तो धरला नाही, पण आपला हातही मागे घेतला नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईने खुर्ची दुसरीकडे वळवली.

बऱ्याच वेळाने एल्सबेथने नाक पुसलं आणि थंड झालेलं ताट शेवटच्या घासापर्यंत संपवलं. पैसे दिलेलं अन्न टाकणं तिलाही कधी जमलं नव्हतं.

दुपारच्या गाडीला गर्दी झाली होती. फलाटाशी आल्यावर ती थांबली.

"परतीचं कशाला काढलंस? मधल्या स्टेशनापर्यंत चालत उतरू."

"पैसे भरलेत, एल्सबेथ."

"भरलेस तर भरलेस. पाय शाबूत आहेत माझे. मला चालायचंय."

दोघं कुरणातल्या पायवाटेने खाली निघाली. नेहमीसारखीच एल्सबेथ पुढे होती. डोंगरात ती कायम पुढे असायची. या उतारावरच्या एका गोठ्यातच तिचं लहानपण गेलं होतं, उन्हाळाभर गाईंमागे. दगड कुठला हलतो, ओढा कुठून ओलांडायचा, ते तिच्या पायांना ठाऊक होतं. निक्लाउस रस्त्यावरचा माणूस. तो चाळीस वर्षं तिच्या टाचांकडे बघत डोंगर उतरला होता, आणि वाट चुकण्याची भीती त्याला कधी वाटली नव्हती. आजही तिची चाल तशीच भराभर होती. गाईंच्या घंटा वाजत होत्या. मागून तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता.

गोठ्यांच्या खाली पायवाट दुभागते. तिथे खांबावर पिवळ्या पाट्या आहेत, मोठ्या काळ्या अक्षरांत, लहान मुलालाही वाचता याव्यात अशा. एल्सबेथ तिथे थांबली. तिने एका पाटीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, मग खालच्या दोन्ही वाटांकडे. निक्लाउस तिच्या मागे दोन पावलांवर उभा राहिला. त्याला उत्तर माहीत होतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं, पण त्याने ते गिळलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी सुटलेली नव्हती. तरी त्याने ती सोडली आणि सावकाश, पुन्हा पहिल्यापासून बांधली.

त्याने मान वर केली तेव्हा ती अजून तिथेच उभी होती. मग वाटेच्या कडेच्या गवतात ती एक पाऊल सरकली आणि तिने त्याला जागा करून दिली.

"तू हो पुढे," ती म्हणाली.