एक दाव्याला

हिरेमठ सरांनी फळ्यावरचे वाक्य डस्टरने पुसून टाकले. वाक्य फारसे चुकीचे नव्हते. पण त्यात ‘जणू’ हा शब्द होता.

“‘मूलपेशी म्हणजे जणू उसाचा डोळा,’” त्यांनी पुसलेल्या जागेकडे पाहत ते मोठ्याने म्हटले. “प्रियदर्शनी, मूलपेशी उसाचा डोळा आहे काय?”

“नाही, सर.”

“मग जे नाही ते कशाला लिहायचे? जे आहे ते लिही.”

दहावीच्या वर्गात खसखस पिकली. मृत्युंजय हिरेमठ उपमांना चोरवाट मानत. ज्याला व्याख्या येत नाही तो उपमेच्या आडोशाला उभा राहतो, असे त्यांचे ठाम मत होते. प्रियदर्शनीने खडू पुन्हा उचलला आणि सावकाश लिहिले: मूलपेशी विभागते तेव्हा होणाऱ्या दोन पेशींपैकी एक मूलपेशीच राहू शकते आणि दुसरी ठरावीक कामासाठी घडू लागते.

“‘राहू शकते’ हे लिहिलेस, हे बरे झाले,” सर म्हणाले. “आणि एकदा स्नायू झालेली पेशी?”

“शरीरात आपणहून परत फिरत नाही.”

ती जागेवर गेली नाही. खडू बोटांत फिरवत उभी राहिली.

“सर, एकाच्या मूलपेशी दुसऱ्याच्या हाडांत गेल्या, तर तिथं तयार होणारं रक्त कुणाचं?”

घंटा झाली. मुले दप्तरे आवरू लागली. प्रश्न पाठाबाहेरचा होता. पण विचारलेला प्रश्न उद्यावर टाकणे हिरेमठ सरांना जमत नसे. त्यांनी तिला थांबवले आणि वर्ग रिकामा झाल्यावर, कुणासाठी विचारतेस, एवढेच विचारले.

तिच्या आत्याचे, संयोगिताचे, रक्त तयार होणे थांबले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी भावाची तपासणी करायला सांगितली. ती झाली, पूर्ण जुळली. आता भाऊ, म्हणजे प्रियदर्शनीचे वडील, मूलपेशी द्यायला नाही म्हणत होते. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचे होते.

“मी आबांना सगळं सांगितलं, सर. पाठच म्हणून दाखवला. ते म्हणतात, पुस्तकातलं पुस्तकात ठेव.”

सरांनी हातावरची खडूची पूड झटकली. “पुस्तकातले पुस्तकात ठेवायचे असते, तर मी एवढी वर्षे काय केले?”

त्याच संध्याकाळी ते तिच्या गावी, वडणग्याला गेले.

गोठ्यात तिचे वडील हंबीरराव म्हशीच्या कासेशी बसले होते. मांड्यांत चरवी, खांद्यांचा घेर दारातून दिसणाऱ्या उजेडाएवढा. कोपऱ्यात आंघोळीचा बंब धुमसत होता. धार काढून झाली की ते रोज आंघोळ करीत. त्यांनी मान न वळवता विचारले, “कोण पावणं?”

“मी प्रियदर्शनीचा शिक्षक. हिरेमठ.”

चरवीतला आवाज थांबला.

“हिरेमठ. म्हंजे लिंगायत, तुमी त्यांच्यातलं.” हंबीरराव उठले. “गडहिंग्लजास्नं तिच्या सासरच्यांनी धाडलंय व्हय?”

“तुमच्या मुलीच्या प्रश्नाने धाडलेय. तिच्या सासरी मी कुणाला ओळखत नाही.”

“बसा की मग. दूध घ्या. आमच्या हातचं चालतंय न्हवं?”

“चालते. साखर मात्र घालू नका.”

प्रियदर्शनीने पेला आणून दिला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हंबीररावांनी पालथ्या बादलीवर बैठक मारली.

“सांगा. पर मला अडाणी समजू नका.”

“समजत नाही. तुमची हरकत काय, ते आधी तुम्ही सांगा.”

“मी सांगतो. ह्या अंगावर चार मान्सं खात्यात. उद्या आतलं सत्त्व काढून दिलं आन् मी बसलो खाटंवर, तर ह्या म्हशी काय डॉक्टर पिळणार? पोरगी म्हणती, परत तयार हुतंय. व्हय, खोडवाबी परत येतोय. ऊस तोडला की बुडख्याला फुटवा येतोय. पर दुसऱ्या खोडव्याला उतार घसरतोय का न्हाय? तिसऱ्याला तर रान मोडावं लागतंय. सांगा, मास्तर.”

हिरेमठ सरांनी दुधाचा पेला खाली ठेवला. ही उपमा त्यांनी दिली नव्हती, तरी मोडून काढायची पाळी त्यांच्यावर आली होती.

“खोडव्याचा उतार घसरतो, हे खरे. पण हाडांतल्या मज्जेचा घसरत नाही. घेतात तो थोडा भाग. काही आठवड्यांत तो भरून निघतो. काढतात तेही दंडाच्या शिरेतून. आधी काही दिवस इंजेक्शने देतात, त्याने हाडे दुखतात, कणकण येते. मग यंत्र रक्तातून लागते तेवढे वेचून घेते आणि बाकीचे तुम्हाला परत देते. धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. फार थोडा आहे.”

“अजिबात न्हाय, असं सगळी म्हणत्यात. तुमीच पयलं थोडा म्हणालासा.” हंबीररावांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “पर भरून का निघतंय? आपोआप काय येत न्हाय.”

सरांनी एक काडी उचलून शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक वर्तुळ काढले, त्याखाली दोन. “ही मूलपेशी. हिच्या दोन होतात. एक हिच्यासारखीच राहते. दुसरी कामाला लागते. तिचे रक्त होते. पहिली राहिली म्हणून पुढचे चालते.”

हंबीरराव वाकून त्या वर्तुळांकडे पाहत राहिले. मग दाव्याला बांधलेल्या रेडीकडे त्यांची नजर गेली.

“म्हंजे एक रेडी दाव्याला, एक बाजाराला. समद्या इकल्या तर गोठा मोडतोय. एक ठिवली तर न्हाय.”

प्रियदर्शनीने सरांकडे पाहिले. या उपमेत निदान दोन दोष होते. सरांना ते दोन्ही दिसले. त्यांनी काडी मोडून खाली टाकली.

“तसेच,” ते म्हणाले.

बंबातली लाकडे तडतडली. हंबीररावांचे समाधान झाल्यासारखे दिसले, आणि तरीही ते उठले नाहीत. सरांच्या ध्यानात आले की एवढा वेळ ते ज्याच्याशी भांडत होते तो मुद्दा मुळात वादाचा नव्हताच.

“मग हरकत राहिली कोणती?” त्यांनी विचारले.

“आबांनी चाचणी आपखुशीनं दिलती,” प्रियदर्शनी दारातून म्हणाली. “मला कळत नाही. द्यायचंच नव्हतं, तर—”

“जुळायचं न्हाय म्हणून दिलतं!” हंबीररावांचा आवाज एवढा चढला की म्हशीने पाय हलवला. मग तो उतरला. “तिनं जातीभायेर त्या घरात लगीन केलं, तवा पंचगंगेवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केलीया म्या. ती मेली म्हणून. समद्या भावकीनं बघितलंय. त्यानंतर ह्या तोंडानं तिचं नाव घेतल्यालं न्हाय. तिचा नवरा दारात आला, म्हणाला, रक्त तपासा. म्हटलं, तपासा की. तिचं आमचं काय ऱ्हायलंय? कागदावरच येऊं दे. एकदाचं तोंड बंद हुईल सगळ्यांचं.”

“आणि पूर्ण जुळले.”

“पुरं.” हंबीररावांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले. “धाकला भाऊ हाय माझा, त्याचं न्हाय जुळलं. तो तर तिच्याशी चोरून बोलतोय. माझंच जुळलं. असं कसं?”

“भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. जन्माआधीच ठरलेले असते.”

“आन् आंघोळीनं?”

“आंघोळीबद्दल आमच्या पुस्तकात काही नाही.”

हंबीरराव बराच वेळ मोडलेल्या काडीचे तुकडे जुळवत बसले. मग त्यांनी विचारले, आणि विचारताना ते मुलीकडे न पाहता म्हशीकडे पाहत होते.

“दिलं, तर मग तिच्यात रक्त कुणाचं?”

वर्गातलाच प्रश्न होता. हिरेमठ सरांनी उत्तर वाटेत मनाशी बांधले होते, एकेक शब्द पारखून.

“तुमचे. तुमच्या पेशी तिच्या हाडांत घर करतील आणि तिथे रक्त तयार करतील. ही जुळणी रक्तगटाची नसते; दोघांचे गट वेगळे असतील, तर काही महिन्यांनी तिचा गट बदलून तुमचा होईल. तिच्या रक्ताची तपासणी केली, तर ते पुरुषाचे दिसेल. चेहरा, आवाज, हात तिचेच राहतील. या पेशी घडतात त्या रक्तासाठी. पण रक्त तुमचे. ती आहे तोवर.”

“ती तिकडंच ऱ्हाणार.”

“हो.”

“रक्त आमचं, कुंकू त्यांचं.”

“असे म्हणता येईल.”

हंबीररावांनी घशातून एक आवाज काढला. तो हसण्याचा होता की नाही, हे सांगणे कठीण होते. ते उठले, चरवी उचलली आणि उरलेली धार काढायला म्हशीकडे गेले. दूध पुन्हा चरवीत वाजू लागले. सर स्वतःशीच म्हणाले, मुद्दे संपले. त्यांनी पेल्यातले दूध संपवले आणि निरोपासाठी हात जोडले. हंबीररावांनी मानेने नमस्कार घेतला. प्रियदर्शनी त्यांना स्कूटरपर्यंत पोचवायला आली. तिचा चेहरा पडला होता.

“सोमवारला अजून वेळ आहे,” सर म्हणाले. “मी उद्या परत येईन. परवाही येईन. त्यांच्याकडे आणखी प्रश्न असतील.”

त्यांनी स्कूटरला किक मारली. ती सुरू झाली नाही. त्या शांततेत परड्यातून प्रियदर्शनीच्या आईची हाक आली.

“आवं, पाणी कडत झालंय! आंघोळीला चला.”

गोठ्यातला दुधाचा आवाज थांबला.

“ऱ्हाऊं दे,” हंबीरराव आतून म्हणाले. “आज आंघोळ नको.” आणि थोड्या वेळाने, मोठ्याने, जणू सगळ्या गल्लीला ऐकू जावे म्हणून: “प्रिया! तुझ्या काकाला इचार, संयोगिताचा नंबर काय हाय. आन् तिला आधीच सांग, फोनवर रडायचं न्हाय.”

हिरेमठ सरांनी दुसरी किक मारली नाही. ते स्कूटरची मूठ धरून तसेच उभे राहिले, आणि प्रियदर्शनी अंगणातून पळत आत गेली.